भाऊराव कोल्हटकर आणि ‘इंदरसभा’चे ऋण

१८८२ साली बडोद्याच्या कचेरीतील कारकुनी सोडून भाऊराव कोल्हटकर किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. त्यांचे वय तेव्हा १९ होते आणि भांडवल म्हणजे गळा व रूप. त्याच नोव्हेंबरात ‘संगीत सौभद्र’ रंगभूमीवर आले आणि हा हौशी तरुण सुभद्रा झाला. रसिक पुढे त्यांना लाडाने ‘भावड्या’ म्हणू लागले.

मराठीच्या वर्गात संगीत नाटकाचा इतिहास बहुधा इथूनच सांगितला जातो. त्याआधीची पायरी उर्दूच्या वर्गात राहून जाते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यात एका पारशी मंडळीचा ‘इंदरसभा’चा खेळ पाहिला आणि असे नाटक मराठीत का नसावे, हा विचार त्यांच्या मनात आला. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी ‘शाकुंतल’ उभे राहिले. ‘इंदरसभा’ ही लखनौच्या अमानत यांची, वाजिद अली शाहच्या काळातील कृती. तिच्यात पऱ्यांचे नृत्य, गझल, ठुमरी, होरी. गद्य संवादांना फारसा वाव नाही. किर्लोस्करांनी तिची नक्कल केली नाही. साकी, दिंडी, लावणीच्या चाली त्यांनी आपल्याच घेतल्या. ऋण आहे ते गाण्यातून नाटक चालविण्याच्या कल्पनेचे, आणि ते लहान नाही.

उलट दिशेचीही नोंद आहे. सांगलीच्या विष्णुदास भाव्यांनी २६ नोव्हेंबर १८५३ रोजी मुंबईच्या ग्रँट रोड नाट्यगृहात ‘राजा गोपीचंद’ हिंदुस्थानीत केले. (या ‘हिंदुस्थानी’वर हिंदी व उर्दू, दोन्हींचे इतिहासकार हक्क सांगतात, ही गंमतच!) पुढे १८७२ मध्ये व्हिक्टोरिया नाटक मंडळी सालारजंगांच्या निमंत्रणावरून हैदराबादला आली. म्हणजे ज्या निजामी मुलखात आपले वांकिडी-आसिफाबाद होते, तेथेही ही नाटके पोहोचली होती.

आपल्या सीमाभागात मराठी आणि उर्दू घेणारी मुले एकाच महाविद्यालयात, पण वेगळ्या तासाला बसतात. एकाला अमानत ठाऊक नसतो, दुसऱ्याला किर्लोस्कर. हा पाठ दोन्ही विभागांनी मिळून एकदा तरी घ्यावा, असे मला आग्रहाने वाटते.

शिकविताना अडचण एकच येईल. भाऊराव १३ फेब्रुवारी १९०१ रोजी, अवघ्या ३७ व्या वर्षी वारले. हिंदुस्थानात ग्रामोफोन तबकड्यांचे ध्वनिमुद्रण सुरू झाले ते १९०२ च्या नोव्हेंबरात. वर्गात ऐकविण्यास त्यांचा आवाज नाही.