आगगाडीतली आग विझल्यानंतर

मराठीने रेल्वेला 'आगगाडी' म्हटले ते वाफेच्या इंजिनातील धगधगती भट्टी पाहून. ती भट्टी विझली, शब्द मात्र उरला. वाफेच्या इंजिनाला बालगीतांत जागा मिळाली आणि संग्रहालयाच्या आवारात चौथरा मिळाला. विजेचे इंजिन प्रगतीचे चिन्ह ठरले. या दोहोंच्या मधल्या काळात अनेक दशके भार ओढणारे डिझेल इंजिन मात्र आपल्या साहित्यात आणि स्थानिक इतिहासात जवळजवळ अनुल्लेखित राहिले. हा अनुल्लेख कशातून येतो, हे नंदुरबारवरून जाणाऱ्या लोहमार्गाच्या आधारे पाहण्याचा आमचा प्रयत्न आहे.

सुरतेहून नवापूर, नंदुरबार, दोंडाईचामार्गे अमळनेरकडे येणारा हा मार्ग १९०० सालाच्या सुमारास पूर्ण झाला. त्याची मालकी ताप्ती व्हॅली रेल्वे कंपनीची, कारभार मुंबईच्या किलिक निक्सन या पेढीचा, आणि प्रत्यक्ष गाड्या चालवायच्या त्या बी.बी.सी.आय. रेल्वेने. म्हणजे मालक एक आणि राबता दुसऱ्याचा, ही स्थिती आरंभापासूनचीच. १९४२ साली बी.बी.सी.आय.चा कारभार सरकारने हाती घेतला. ताप्ती व्हॅलीचे खासगी पर्वही त्याच दशकात संपले. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी पश्चिम रेल्वे स्थापन झाली आणि फलकांवरचे नाव पुन्हा बदलले. १९६० साली राज्याची सीमा आखली गेली ती थेट नवापूर स्थानकातून. अर्धा फलाट महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. इतक्या उलथापालथी झाल्या, पण रूळ जागचे हलले नाहीत.

याच रुळांवर डिझेल इंजिन आले, आणि त्याची कुळकथाही अशीच मालक बदलणारी आहे. वाराणसीचा डिझेल इंजिन कारखाना १९६१ साली स्थापन झाला. अमेरिकेतील अल्को कंपनीच्या आराखड्यावर तेथे तयार झालेले पहिले इंजिन जानेवारी १९६४ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते सेवेत दाखल झाले. 'डब्ल्यूडीएम-२' या नावाचे, २,६०० अश्वशक्तीचे हे इंजिन प्रवासी गाडीलाही चाले आणि मालगाडीलाही. अल्कोने १९६९ साली इंजिने बांधणे थांबवले. वाराणसीत मात्र त्यांचे उत्पादन पुढे जवळजवळ तीन दशके चालू राहिले. जन्मदाता गेला आणि दत्तक घरी वंश वाढला, असे हे उदाहरण आहे.

अशा इंजिनाचे ठरलेले आयुष्य छत्तीस वर्षांचे. त्याच्या मध्यावर, अठराव्या वर्षाच्या आसपास, ते पतियाळाच्या कारखान्यात जाई. तेथे ते पुरते उकलले जाई, झिजलेले भाग काढून नवे बसवले जात आणि शक्ती ३,१०० अश्वशक्तीपर्यंत वाढवली जाई. बाहेर पडताना वर्गनाम बदललेले असे, देहाचा मोठा भागही बदललेला असे. तरी कामगारांच्या लेखी इंजिन तेच.

१६ फेब्रुवारी २०१९ रोजी धुळे येथील समारंभात उधना–जळगाव मार्गाचे दुपदरीकरण आणि विद्युतीकरण राष्ट्रार्पण झाले. त्यानंतर अवघ्या तीन दिवसांनी वाराणसीत डिझेलचे विजेवर रूपांतर केलेल्या इंजिनाला हिरवा झेंडा दाखवण्यात आला. हे रूपांतर शक्य झाले, कारण डिझेल इंजिनाची चाके मुळातच विजेच्या मोटारी फिरवतात. डिझेल जळते ते केवळ ती वीज निर्माण करण्यासाठी. अन्य काही इंजिनांना परके घर लाभले. जुलै २०२० मध्ये दहा आणि मे २०२३ मध्ये वीस डिझेल इंजिने भारताने बांगलादेशाच्या स्वाधीन केली. पुष्कळांच्या वाट्याला मात्र भंगारच आले.

या साऱ्या हकिकतीत आम्हाला एक गोष्ट खटकते. वर दिलेल्या बहुतेक तारखा मालकांच्या आहेत: स्थापना, ताबा, विलीनीकरण, राष्ट्रार्पण, हस्तांतर. मालकी कागद निर्माण करते आणि इतिहास कागदाच्या मागे जातो. काम कागद निर्माण करत नाही. केलेच तर ते शेडमधल्या तेलकट वह्यांचे, जे रद्दीत जातात. इंजिन छत्तीस वर्षे चालले ते मालकाच्या नावावर नव्हे. कोणीतरी रोज तेल तपासले, फिल्टर बदलले, रात्री-बेरात्री पाने घेऊन त्याच्याखाली शिरले, म्हणून ते चालले. वाफेच्या इंजिनाचे काम डोळ्यांना दिसे: आग, फावडे, घाम. डिझेलचे काम पत्र्याच्या आड गेले. जे दिसत नाही त्याची प्रतिमा होत नाही, आणि प्रतिमा नाही म्हणून कविता नाही. आमच्या मते अनुल्लेखाचे मूळ येथे आहे.

नंदुरबार हा अहिराणी, भिल्ली, पावरी, गुजराती आणि मराठी एकमेकींत मिसळणारा जिल्हा. लोको, शेड, शंटिंग, खलाशी हे शब्द येथल्या बोलींत कोणते रूप घेऊन वावरले, फलाटावरच्या माणसाने डिझेलच्या आवाजाला काय म्हटले, हे सांगू शकणारी पिढी आता निवृत्त झाली आहे. मराठीच्या प्रकल्पांसाठी दरवर्षी नवे विषय शोधणाऱ्या आपल्या विभागांनी विद्यार्थ्यांना एकदा या माणसांच्या ओसरीवर पाठवावे. मालकांची नोंद दफ्तरात राहीलच. ही नोंद मात्र माणसांबरोबरच जाते.