मोसिन-नागान रायफलीची माशी

जुन्या लष्करी साठ्यांतून अमेरिकेत मोठ्या संख्येने विकली गेलेली ही सोव्हिएत रायफल (नमुना १८९१/३०). तिच्या मागील साइटवर १०० ते २००० मीटरच्या खुणा असतात. मात्र त्यांनी केवळ उंची साधते. डावे-उजवे साधण्यासाठी नळीच्या टोकावरील माशी खोबणीत आडवी सरकवावी लागते. गोळ्या उजवीकडे जात असतील तर माशीही उजवीकडेच न्यायची, हा नवख्यांना उलटा वाटणारा नियम! गोळ्या वर लागत असल्यास माशी उंच हवी. कानशीने घासल्यास त्या आणखी वर जातात. अर्थात, रिकाम्या रायफलीवरही हातोडी उचलण्यापूर्वी संगिनीचा विचार करावा. सोव्हिएत सैन्यात या रायफलीचा नेम संगीन चढवूनच जुळवला जाई. ती काढली की नळीची कंपने बदलतात व मारा सरकतो. खरेदीदार ज्याला साइटचा दोष समजतो, तो पुष्कळदा एवढाच असतो.