व्होल्टेज रिड्यूसर (गोल्फ कार्टमधील)

विजेवर चालणाऱ्या गोल्फ कार्टच्या ३६, ४८ किंवा ७२ व्होल्टच्या बॅटरीसंचातून दिवे, हॉर्न, पंखा, मोबाइल चार्जर, ध्वनियंत्रणा अशा जोड-उपकरणांना १२ व्होल्टचा स्थिर पुरवठा देणारे साधन. बाजारात त्याला कन्व्हर्टर किंवा नुसते ‘डीसी-डीसी’ म्हणतात. विजेच्या स्कूटर आणि ई-रिक्षा यांतही हेच काम करणारा डबा असतो. तो कारखान्यातच बसवलेला असल्याने मालकाला त्याची खबर नसते. गोल्फ कार्टमध्ये मात्र तो बहुधा मागाहून, स्थानिक वायरमनच्या हातून बसतो.

पुण्यात गोल्फची जुनी जागा म्हणजे येरवड्याचे पूना क्लबचे मैदान. बावधनच्या बाजूला ऑक्सफर्ड गोल्फ रिसॉर्ट आहे. पण शहरातल्या कार्टपैकी अनेकींनी गोल्फचा चेंडू पाहिलेलाही नसतो. कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात त्याच जातीची बॅटरी वाहने पर्यटकांना फिरवतात, आणि मोठी गृहसंकुले, रुग्णालये, कंपन्यांची आवारे, मंगल कार्यालये अशा ठिकाणीही ती दिसतात. उत्पादनाच्या बाजूनेही शहराचा संबंध आहे: लुनामुळे घरोघरी पोचलेल्या कायनेटिक समूहातील पुण्याच्या कायनेटिक ग्रीन कंपनीने २०२३ मध्ये इटलीच्या टोनिनो लॅम्बोर्गिनीबरोबर गोल्फ कार्टसाठी भागीदारी जाहीर केली. गोल्फचा खेळ दिवसाउजेडी संपतो; संकुलातली कार्ट रात्रीही धावते, पावसातही धावते. त्यामुळे दिवे, वायपर, हॉर्न यांची गरज इथे अधिक, आणि रिड्यूसरचा प्रश्नही इथेच जास्त येतो.

रचना व कार्य : ४८ व्होल्टमधून १२ व्होल्ट काढायचे तर उरलेले ३६ व्होल्ट कुठे तरी गेले पाहिजेत. रोध लावून ते उष्णतेत घालवले, तर १० अँपिअरच्या भारावर ३६० वॉट वाया जातील. म्हणजे सीटखाली छोटी इस्त्रीच पेटवल्यासारखे. कन्व्हर्टर हे करत नाही. त्यातील मॉस्फेट स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो, वेटोळे व कॅपॅसिटर ते तुकडे गुळगुळीत करतात. स्विच साधारण एक चतुर्थांश वेळ चालू राहिला की सरासरी १२ व्होल्ट मिळतात. बॅटरी उतरून व्होल्टेज घटले तर स्विच अधिक वेळ चालू राहतो, म्हणून दिव्यांचा प्रकाश मंदावत नाही. चांगल्या कन्व्हर्टरची कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास असते. १२० वॉटच्या भाराला तो सुमारे १३३ वॉट घेतो, म्हणजे ४८ व्होल्टच्या बाजूने जेमतेम २.८ अँपिअर.

एका बॅटरीवरून १२ व्होल्ट घेणे : ही पळवाट सर्वत्र आढळते, आणि कार्टच्या बॅटऱ्या अकाली मरण्यामागे अनेकदा तीच असते. चार १२ व्होल्टच्या बॅटऱ्या एकसर जोडलेल्या असताना दिव्यांची वायर एकीच्याच दोन टोकांना लावली, तर ती बाकीच्या तिघींपेक्षा अधिक उतरते. चार्जर फक्त एकूण व्होल्टेज पाहतो आणि चौघींतून सारखाच प्रवाह जातो. उतरलेली बॅटरी अर्धपोटी राहते, तिच्या पट्ट्यांवर सल्फेट धरते. उरलेल्या जास्त चार्ज होऊन पाणी उडवतात. कार्टचा पल्ला शेवटी सर्वांत दुबळ्या बॅटरीवर ठरतो. मग दोष बॅटरीला दिला जातो. सहा ८ व्होल्टच्या बॅटऱ्यांच्या संचात तर १२ व्होल्ट मिळतच नाहीत. दोन मिळून १६ व्होल्ट होतात आणि एलईडीचे ड्रायव्हर जळू शकतात. त्याहून वाईट प्रकार असा की एका उपकरणाची ऋण तार एका बॅटरीवरून, दुसऱ्याची दुसरीवरून घेतलेली असते आणि दोन्ही उपकरणांचे धातूचे बूड चॅसीला टेकते. चॅसीतून थेट शॉर्ट होतो. म्हणून कन्व्हर्टरचा आदान पुरवठा नेहमी संपूर्ण संचाच्या पहिल्या धन आणि शेवटच्या ऋण टोकावरूनच घ्यावा.

या नियमाला दोन पोटनियम आहेत. लिथियम संचात ऋण तार बीएमएसच्या (बॅटरी-व्यवस्थापन मंडलाच्या) बाहेरील टोकावर जोडावी. आतल्या टोकावर जोडली तर अतिउतार रोखणारे संरक्षण वळसा घालून टळते. काही जुन्या कार्टमध्ये कार्टमधलाच छोटा संगणक ऋण तारेतून जाणारा प्रवाह मोजून चार्ज ठरवतो. तिथे ऋण जोड त्या मोजणीच्या पलीकडे करावा, नाहीतर दिव्यांनी खाल्लेली वीज हिशेबातच येत नाही.

निवड : संचाचे नामांकित व्होल्टेज पाहून कन्व्हर्टर घेऊ नये. ४८ व्होल्टचा शिसे-आम्ल संच चार्ज होताना ५८ ते ६० व्होल्टपर्यंत जातो, १६ पेशींचा लिथियम आयर्न फॉस्फेट संच ५८.४ पर्यंत. तेव्हा कन्व्हर्टरची कमाल आदान मर्यादा किमान ७२ व्होल्ट असणे शहाणपणाचे. क्षमता ठरवताना सर्व उपकरणांचे वॉट मिळवून त्यावर चतुर्थांश तरी जादा धरावा. ई-रिक्षांसाठी विकल्या जाणाऱ्या स्वस्त डब्यांवर छापलेला अँपिअरचा आकडा क्षणिक असू शकतो. सलग किती, हे विक्रेत्याला विचारावे. आदान व प्रदान बाजू विलग असलेला प्रकार थोडा महाग पडतो, पण धातूच्या अंगाची ध्वनियंत्रणा किंवा यूएसबी सॉकेट लावायचे असतील तर तोच घ्यावा. चार तारा दिसल्या म्हणजे विलगता आली असे नाही. मल्टिमीटरने दोन ऋण तारांमध्ये जोड आहे का, हे तपासता येते.

जोडणी : आधी किल्ली बंद, टो-रन (ओढणे-चालणे) स्विच असल्यास तो टो स्थितीत, मग संचाची मुख्य ऋण तार सोडवलेली. हातातले कडे-अंगठी काढून ठेवावे. पाना दोन टोकांवर आडवा पडला तर तो लाल होतो. आदानाच्या धन तारेत, बॅटरीपासून शक्य तितक्या जवळ, फ्यूज हवा. २४० वॉटच्या कन्व्हर्टरला १० अँपिअर पुरतो. मोटारीतले नेहमीचे पात्यांचे फ्यूज ३२ व्होल्टचेच असतात, ही बाब फार थोडे लोक पाहतात. एकदिश प्रवाहाची ठिणगी आपोआप विझत नाही, त्यामुळे वितळलेल्या फ्यूजमधूनही ४८ व्होल्टचा प्रवाह वाहत राहू शकतो. ८० व्होल्ट डीसीचा फ्यूज मागूनच घ्यावा. बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत वायर, लग, सॉकेट सहज मिळतात. फ्यूजच्या अंगावरचे व्होल्टेज मात्र गिऱ्हाइकाने स्वतः वाचावे.

कन्व्हर्टर बॅटरीजवळ असावा की दिव्यांजवळ? दिव्यांजवळ. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरने ४ मीटरवर १० अँपिअर नेले, तर जाऊन-येऊन सुमारे ०.६ व्होल्ट गळतात, १.५ चौरस मिलिमीटरला एक व्होल्टभर. तेच अंतर ४८ व्होल्टच्या बाजूला काटले तर प्रवाह जवळपास एक चतुर्थांश होतो. शिवाय शिसे-आम्ल बॅटऱ्यांच्या कप्प्यात चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन आणि आम्लाची वाफ असते. तिथे कन्व्हर्टरच काय, रिलेसुद्धा बसवू नये. प्रदान बाजूला प्रत्येक उपकरणासाठी वेगळा फ्यूज द्यावा.

कन्व्हर्टर बिनभाराचाही थोडा प्रवाह खातो, म्हणून तो किल्लीबरोबर बंद झाला पाहिजे. सगळा प्रवाह किल्लीच्या स्विचमधून नेला तर कॅपॅसिटर भरतानाच्या झटक्याने स्विचचे संपर्क जळतात. संचाच्या व्होल्टेजचे वेटोळे आणि तितक्याच डीसी व्होल्टेजचे संपर्क असलेला रिले, वेटोळ्यावर उलटा डायोड, ही रीत. कन्व्हर्टरला वेगळी ‘एनेबल’ तार असेल तर रिलेची कटकटच नको. जोडणी झाल्यावर उपकरणे न लावता प्रदान मोजावे. १२ ते १३.८ व्होल्ट आले की मगच एकेक उपकरण लावावे.

पुण्याच्या हवेत दोन गोष्टींची काळजी घ्यावी लागते. एप्रिलच्या उन्हात बंद कप्प्याचे तापमान हवेपेक्षा पुष्कळ वर जाते आणि कन्व्हर्टरची क्षमता घटते. त्याचे पाती असलेले अ‍ॅल्युमिनियमचे अंग धातूला घट्ट बसवावे व वाऱ्याला मोकळे ठेवावे. पावसाळ्यासाठी आयपी ६७ दर्जाचा, आतून राळेने भरलेला डबा घ्यावा. पण डब्यात पाणी शिरले नाही तरी उघड्या जोडांवर हिरवा गंज चढतो. वायर डब्यात शिरण्याआधी खाली झोळ देऊन बांधली की थेंब तिथूनच गळतात.

दिवे-हॉर्न लागले म्हणून कार्ट रस्त्यावर आणता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम २(२८) नुसार केवळ बंदिस्त आवारातच वापरण्यासाठी बनवलेली खास वाहने ‘मोटार वाहन’ या व्याख्येबाहेर आहेत. फाटकाबाहेर ही सवलत उरत नाही. ई-रिक्षासाठी २०१५ च्या दुरुस्तीने कलम २अ आले व ४,००० वॉटची मर्यादा ठरली, पण गोल्फ कार्ट त्या वर्गात बसवलेली नाही. विद्युत वाहनांची एआयएस (ऑटोमोटिव्ह इंडस्ट्री स्टँडर्ड) मानके पुण्याचीच एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) संस्था सचिवालय म्हणून सांभाळते. विद्युत सुरक्षेच्या नियमांत ६० व्होल्ट डीसीपर्यंतचा वर्ग कमी धोक्याचा मानतात. ४८ व्होल्टचा संच चार्जरवर असताना त्या रेषेच्या काठावर असतो आणि ७२ व्होल्टची कार्ट ती ओलांडून गेलेली असते.