होडी, जाळी आणि आराखडा

पोलादी पूल किंवा उंच इमारत पाहिली की ती किती वजन पेलत असेल, वाऱ्या-वादळात कशी टिकत असेल, असे प्रश्न आपल्या मनात येतात. वर्गातली मुलेही असेच प्रश्न विचारतात. पण एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. हा सांगाडा अर्धवट उभा होता, त्या दिवसांत तो कशाच्या आधारावर उभा होता?

पूर्ण झालेला सांगाडा मजबूत असतो, कारण त्याचा प्रत्येक भाग दुसऱ्या भागाला धरून असतो. उभारणी चालू असताना यांपैकी बरेचसे आधार जागेवर आलेलेच नसतात. आणि नेमके त्याच काळात कामगार त्यावर चढलेले असतात. म्हणजे सांगाडा सर्वांत दुबळा असतो, तेव्हाच माणसांचे जीव त्याच्यावर अवलंबून असतात. ही साधी गोष्ट नीट ध्यानात येऊन नियमांत उतरायला शंभराहून अधिक वर्षे लागली. त्या वर्षांची ही हकिगत.

पुलाखालच्या होड्या

स्कॉटलंडमधील फोर्थ नदीच्या मुखावरचा रेल्वे पूल १८९० मध्ये वाहतुकीला खुला झाला. बेंजामिन बेकर आणि जॉन फाउलर हे त्याचे अभियंते. पोलादाचा एवढ्या प्रचंड प्रमाणावर वापर झालेला हा पहिल्या काही पुलांपैकी एक. ५०,००० टनांहून अधिक पोलाद त्यात आहे. काम ऐन भरात असताना सुमारे ४,६०० माणसे तिथे राबत होती.

उंचावरून माणूस पडू शकतो हे बांधणाऱ्यांना माहीत होते. म्हणून पुलाखाली वल्ह्यांच्या होड्या कायम तैनात ठेवलेल्या असत. पाण्यात पडलेल्या निदान आठ जणांना त्यांनी वाचवले. या कामात ५७ माणसे दगावली असे पुष्कळ वर्षे मानले जात होते. अलीकडे स्थानिक इतिहास-अभ्यासकांनी जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा तो आकडा ७३ पर्यंत गेला.

होडीची कल्पना दयाळूपणाची होती, यात शंका नाही. पण होडीचे काम माणूस पडून झाल्यावर सुरू होते. त्याने पडूच नये, यासाठी ती काहीच करू शकत नाही.

क्युबेकची तार

कॅनडातील सेंट लॉरेन्स नदीवर क्युबेक शहराजवळ पूल बांधण्याचे काम विसाव्या शतकाच्या आरंभी चालू होते. न्यूयॉर्कचे नामवंत अभियंता थिओडोर कूपर हे सल्लागार होते, तर पोलादकाम फिनिक्स ब्रिज कंपनीकडे होते. पुलाचा मधला गाळा आधी १,६०० फुटांचा ठरला होता, तो १,८०० फुटांचा करण्यात आला. मात्र वाढलेल्या लांबीनुसार पुलाच्या स्वतःच्या वजनाचा हिशेब वेळेवर नव्याने मांडला गेला नाही. चूक उमगली तोपर्यंत बरेचसे पोलाद चढवून झाले होते आणि काम तसेच पुढे चालू राहिले.

नदीच्या पाण्यावर हात पसरावा तसा हा पूल एकेका तुकड्याने पुढे सरकत होता. त्याच्या खालच्या बाजूच्या तुळयांवर दोन्ही टोकांकडून दाब येत होता. अशा दाबाने काय होते ते वर्गात सहज दाखवता येईल. प्लॅस्टिकची पातळ फूटपट्टी दोन्ही तळहातांमध्ये उभी धरून दाबावी. आरंभी ती सरळ राहते. दाब एका मर्यादेपलीकडे गेला की ती एकाएकी बाजूला वाकते, आणि एकदा वाकली की जवळजवळ जास्तीचा जोर न लावताही वाकतच जाते. पुलाच्या खालच्या तुळयांत १९०७ च्या ऑगस्टमध्ये असाच बाक दिसू लागला. एका तुळईचा बाक काही दिवसांतच पाऊण इंचावरून सव्वादोन इंचांवर गेला.

कूपर यांचे तरुण निरीक्षक नॉर्मन मॅक्लूर हे मोजमाप घेऊन न्यूयॉर्कला गेले. कूपर वय आणि प्रकृती यांमुळे बांधकामाच्या जागी जात नसत. २९ ऑगस्टला दुपारी त्यांनी तार केली : विचार होईपर्यंत पुलावर आणखी वजन चढवू नका. पण ही तार गेली ती पेनसिल्व्हेनियातील फिनिक्सव्हिल इथल्या कंपनीच्या कार्यालयात. तिथे निर्णय दुसऱ्या दिवसावर ढकलला गेला. क्युबेकला निरोप पोहोचलाच नाही. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, सुटीची शिटी व्हायला थोडाच वेळ उरला असताना, सुमारे १९,००० टन पोलाद काही सेकंदांत नदीत कोसळले. पुलावरच्या ८६ माणसांपैकी ७५ दगावली. त्यांत ३३ जण काह्नवाके या मोहॉक आदिवासी वस्तीतले होते. त्यानंतर तिथल्या स्त्रियांनी, वस्तीतल्या सगळ्या पुरुषांनी एकाच कामावर जायचे नाही, असा आग्रह धरला, असे सांगितले जाते. गावाने स्वतःपुरता काढलेला हा जोखमीचा हिशेबच होता.

चौकशी आयोगाने हिशेबातल्या चुका दाखवल्याच. शिवाय बांधकामाच्या जागी जाणकार आणि अधिकार असलेला माणूस नव्हता, यावरही बोट ठेवले. बाक दिसत होता, मोजला जात होता, पण ‘काम थांबवा’ असे जागेवर म्हणू शकेल असे कोणी नव्हते.

पुढे नव्या, जास्त वजनदार आराखड्यानुसार पूल पुन्हा बांधायला घेतला. ११ सप्टेंबर १९१६ रोजी मधला गाळा उचलून जागेवर चढवला जात असताना आधाराचा एक ओतीव भाग तुटला आणि तो गाळा नदीत पडला. आणखी १३ माणसे गेली. पूल पुरा झाला तो १९१७ मध्ये आणि तो आजही उभा आहे. दोन्ही अपघात तो पुरा होण्याआधीचे आहेत, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

गोल्डन गेटची जाळी

१९३० च्या दशकात अमेरिकेतील पूलबांधणीच्या धंद्यात एक ठोकताळा रूढ होता. दर दहा लाख डॉलर खर्चामागे एक मृत्यू. सिमेंट-पोलादाच्या अंदाजपत्रकासारखाच माणसांचाही अंदाज बांधलेला असे! सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाचा खर्च सुमारे साडेतीन कोटी डॉलर होता. या ठोकताळ्याने ३५ माणसे जायला हवी होती.

मुख्य अभियंता जोसेफ स्ट्राउस यांनी हा हिशेब मान्य केला नाही. कामगारांनी डोक्यावर टणक टोप्या घालायच्या, अशी सक्ती झाली. त्या एडवर्ड बुलार्ड या स्थानिक कारखानदाराने तयार केलेल्या होत्या. पुलाच्या पृष्ठभागाचे काम सुरू झाले, तेव्हा त्याखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरखंडांची जाळी बांधण्यात आली. दोन्ही बाजूंना ती पुलाच्या रुंदीबाहेर दहा फूट जात असे. तिच्यावर एक लाख तीस हजार डॉलरच्या आसपास खर्च झाला.

पुलाचा पृष्ठभाग पाण्यापासून सुमारे ६७ मीटर उंच आहे. हवेचा अवरोध सोडून दिला, तर तिथून पडणारा माणूस पावणेचार सेकंदांत पाण्यावर आदळतो, तेही ताशी सुमारे १३० किलोमीटर वेगाने. अशा वेळी होडीचा उपयोग तो काय? जाळीने मात्र १९ जणांचे प्राण वाचवले. त्यांनी गमतीने स्वतःच्या मंडळाला ‘अर्ध्या वाटेवरून नरकातून परतलेल्यांचा क्लब’ अशा अर्थाचे नाव दिले होते.

आणि तरीही १७ फेब्रुवारी १९३७ रोजी पुलाखाली टांगलेली कामाची परांची तुटून जाळीवर पडली. कित्येक टनांचे ते ओझे जाळीला पेलवले नाही. जाळी फाटली आणि १२ माणसे खाली गेली, त्यांतले १० जण मेले. तोपर्यंत या पुलावर एकच मृत्यू झाला होता. एकूण ११ मृत्यू हे त्या काळच्या मानाने फारच कमी. पण जाळीची मर्यादाही त्या दिवशी कळली. ती माणसाला झेलते, रचनेला झेलू शकत नाही. परांची कशी टांगली आहे, याचे उत्तर जाळीत नसते.

पुलाखालच्या झोपड्या

हा धडा एकदा शिकून संपला नाही. ऑस्ट्रेलियात मेलबर्नचा वेस्ट गेट पूल बांधला जात असताना ११२ मीटरच्या एका गाळ्याचे दोन अर्धे भाग एकमेकांशी नीट जुळेनात. त्यांच्या उंचीत ११ सेंटिमीटरहून अधिक फरक पडला. उंच भाग खाली दाबण्यासाठी त्यावर काँक्रीटचे ठोकळे ठेवले, तेव्हा पत्र्याला फुगवटा आला. तो फुगवटा काढण्यासाठी बोल्ट काढायला सुरुवात झाली. १५ ऑक्टोबर १९७० रोजी तो गाळा कोसळला आणि ३५ माणसे ठार झाली. मृतांपैकी बरेच जण पुलावर नव्हतेच. ते गाळ्याच्या बरोबर खाली उभारलेल्या झोपड्यांत होते. त्या झोपड्या कुठे असाव्यात हे कागदावर ठरवण्याजोगे काम होते. त्यासाठी खर्च जवळजवळ काहीच नव्हता.

एका नटाचा प्रश्न

अमेरिकेत १९९४ मध्ये सरकारने एक समिती नेमली. पोलादी सांगाडे उभारणारे कामगार, ठेकेदार, पोलाद घडवणारे कारखानदार असे सगळे तिच्यात एकत्र बसले. त्या काळात तिथे या व्यवसायात दरवर्षी सरासरी ३५ कामगार मरत असत. समितीच्या कामातून निघालेले नियम जानेवारी २००१ मध्ये जाहीर झाले आणि एका वर्षाने लागू झाले. त्यांतले काही नियम पाहिले, की विचारात पडलेला फरक स्पष्ट होतो.

खांब पायात रोवलेल्या बोल्टांवर उभा करतात. पूर्वी कित्येकदा दोनच बोल्ट असत. इमारत पुरी झाली की तेवढे पुरत असतील, पण एकट्या खांबावर कामगार चढला की खांब एका बाजूला कलंडू शके. म्हणून निदान चार बोल्ट हवेत, असे ठरले. शिवाय खांबाच्या टोकाला, त्याच्या पृष्ठभागापासून ४५ सेंटिमीटर दूर, १३६ किलो वजन लटकवले तरी तो ढळता कामा नये. हे वजन म्हणजे हत्यारांसह खांबाला बिलगलेला माणूस! म्हणजे आता कामगार हाही आराखड्यातला एक भार झाला. पायाचे काँक्रीट अपेक्षित ताकदीच्या ७५ टक्क्यांपर्यंत पोहोचल्याचे लेखी कळल्याशिवाय उभारणीच सुरू करायची नाही, असाही नियम आहे.

दुसरा प्रश्न नटाचा. खांबाच्या दोन्ही बाजूंना दोन तुळया येतात आणि तेच बोल्ट दोघींना आरपार धरतात. पहिली तुळई बसवून नट आवळला. दुसरी बसवायची तर तो नट काढावा लागतो. त्या क्षणी पहिली तुळई नुसत्या मोकळ्या बोल्टांवर टेकलेली असते, आणि बहुधा तिच्यावरच कामगार बसलेला असतो. खांब जरासा हलला तरी तुळई निसटते. यावर उपाय म्हणजे तुळईच्या टोकाची पट्टी अशी कापायची की निदान एक आवळलेला नट काढावाच लागणार नाही, किंवा तुळईखाली खांबाला एक बैठक जोडून ठेवायची. हे काम उंचावर बसलेला कामगार करू शकत नाही. ते कारखान्यात, त्याही आधी आराखडा काढणाऱ्याच्या टेबलावर व्हावे लागते. पूर्वी अशा अपघातानंतर ‘कामगाराचे लक्ष नव्हते’ असे म्हणून प्रकरण मिटवणे सोपे असे.

पट्टे आणि जाळ्या रद्द झाल्या असे मात्र नाही. सर्वसाधारण कामगाराला १५ फुटांवर, म्हणजे साडेचार मीटरवर, पडण्यापासून संरक्षण दिलेच पाहिजे. तेवढ्या उंचीवरून जमिनीवर यायला एक सेकंदही लागत नाही. सावरायला वेळच नसतो, म्हणून व्यवस्था आधीच असावी लागते.

आपल्याकडे भारतीय मानक संस्थेने १९७४ मध्ये पोलादी बांधकामाच्या उभारणीसाठी सुरक्षा संहिता (आय. एस. ७२०५) प्रसिद्ध केली. १९९६ मध्ये बांधकाम कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. तो पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावून घेण्यात आला. संहिता छापली म्हणजे ती परांचीवर पोहोचली असे नव्हे, हे क्युबेकच्या तारेवरून आपण पाहिलेच आहे.

वर्गात एक प्रयोग करता येईल. पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या टाचण्यांनी जोडून चौकोन करावा. बोटाने ढकलला की तो कलतो. एक तिरकी पट्टी कर्णावर लावली की तो घट्ट होतो. आता मुलांना सांगावे की याच पट्ट्यांचा चार मजली सांगाडा उभा करा, पण प्रत्येक पट्टी जोडण्याआधी आतापर्यंतचा सांगाडा कशाच्या आधाराने उभा आहे ते वहीत लिहा. कुठे तात्पुरता आधार लागला, तो केव्हा काढता आला, हेही नोंदवावे. जिथे ‘मी हाताने धरला होता’ असे लिहावे लागेल, तिथे खऱ्या बांधकामावर कोण आणि काय असेल, याची चर्चा करावी.