उबवणी यंत्र, घरगुती (जुन्या फ्रीजचे)

बंद पडलेल्या फ्रीजच्या कपाटात उष्णता देऊन कोंबडीची अंडी उबवण्याचे साधन. फ्रीजच्या भिंतींतील फोम थंडावा राखतो तशी ऊबही राखतो, म्हणून त्याची निवड. भोके पाडण्यापूर्वी फ्रीजमधील वायू तंत्रज्ञाकडून काढून घ्यावा. आत साधे पिवळे बल्ब (एलईडी उपयोगाचे नाहीत), लहान पंखा, थर्मोस्टॅट आणि पाण्याचे पसरट भांडे बसवतात.

पंखा असल्यास तापमान ३७.५° से. ठेवतात, अंड्यांना थोड्या थंडीपेक्षा जादा उष्णता अधिक घातक. आर्द्रता पहिले १८ दिवस ५० ते ५५ टक्के, पुढे ६५ ते ७० टक्के लागते. वास्कोसारख्या समुद्रकाठच्या शहरात पावसाळ्यात भांड्यात पाणी बेताचेच ठेवावे. मात्र ते पूर्ण वगळणे चूक. बाहेरची २८° से. तापमानाची, ८५ टक्के आर्द्रतेची हवा यंत्रात तापल्यावर तिची आर्द्रता सुमारे ५० टक्क्यांवर उतरते.

अंडी दिवसातून किमान तीनदा फिरवतात. खुडूक कोंबडी हे काम चोचीने करते. अठराव्या दिवसानंतर फिरवणे थांबवतात. वीज गेल्यास दार उघडू नये. पिल्ले २१व्या दिवसाच्या सुमारास बाहेर पडतात; गावठी बदकाच्या अंड्यांना २८ दिवस लागतात.