अपुऱ्या जागेच्या संगणकावर चित्रफितींचे संकलन

बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी आणि १९२९ मध्ये स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी यांमुळे कोल्हापूरचे नाव चित्रपटनिर्मितीशी कायमचे जोडले गेले. त्या काळी संकलन म्हणजे फिल्मची पट्टी प्रत्यक्ष कापून जोडणे. आज लग्नसमारंभ, खासबाग मैदानातील कुस्त्या किंवा गणेश विसर्जनाची मिरवणूक यांचे संकलन घरच्या संगणकावरही करता येते. अडचण येते ती जागेची. डिस्क भरल्याचा संदेश झळकला की घाईघाईने फाइल्स पुसल्या जातात आणि त्यांत मूळ चित्रण गेले, तर तो प्रसंग पुन्हा टिपता येत नाही.

जागा नेमकी कशाने व्यापते?

१२८ जीबीची डिस्क विंडोजमध्ये सुमारे ११९ जीबीच दिसते. त्यातील मोठा भाग विंडोज आणि तिच्या अद्ययावतीकरणासाठी लागतो. संकलनाचे सॉफ्टवेअर त्या मानाने कमी जागा घेते. अ‍ॅडोबी प्रीमियर प्रो बसविण्यासाठी किमान ८ जीबी मोकळी जागा लागते. शॉटकट आणि केडेनलाइव्ह ही मोफत सॉफ्टवेअर त्याहून बरीच आटोपशीर आहेत. खरा भार चित्रणाचा असतो. सेकंदाला ५० मेगाबिट या वेगाने केलेले चित्रण तासाला २२.५ जीबी जागा घेते. म्हणजे चार तासांच्या लग्नासाठी ९० जीबी. सॉफ्टवेअर बसले, तरी काम अडते ते यामुळे.

सॉफ्टवेअर बसविताना

बसविण्यापूर्वी 'डिस्क क्लीनअप'द्वारे तात्पुरत्या फाइल्स काढाव्यात आणि 'रिसायकल बिन' रिकामा करावा. पुसलेल्या फाइल्स त्यात असेपर्यंत जागा मोकळी होत नाही. सॉफ्टवेअर 'डी' ड्राइव्हवर बसविण्याचा पर्याय निवडला, तरी बसविताना उघडल्या जाणाऱ्या तात्पुरत्या फाइल्स बहुधा 'सी' ड्राइव्हवरच जातात. त्यामुळे तेथेही जागा राखावी लागते. बसविण्याचे काम पूर्ण झाल्यावर डाउनलोड केलेली मूळ फाइल काढून टाकता येते. शॉटकट आणि केडेनलाइव्ह यांच्या विंडोजवर न बसविता थेट चालणाऱ्या आवृत्त्याही मिळतात. त्या बाह्य डिस्कवर ठेवता येतात. प्रीमियर प्रो मात्र पेन ड्राइव्हसारख्या साधनावर बसत नाही.

काम सुरू करण्यापूर्वी

सॉफ्टवेअर 'सी' ड्राइव्हवर आणि चित्रण बाह्य डिस्कवर, ही विभागणी सोयीची ठरते. त्यासोबत 'मीडिया कॅश' म्हणजे सॉफ्टवेअरने साठविलेल्या तात्पुरत्या फाइल्सची जागाही सेटिंगमध्ये बदलावी. अन्यथा 'सी' ड्राइव्ह नकळत भरत जातो. बाह्य डिस्क यूएसबी ३.० जोडणीची असावी. यूएसबी २.० चा कमाल वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, तर ३.० चा ५ गिगाबिट आहे. डिस्क 'फॅट-३२' पद्धतीने फॉरमॅट केलेली असल्यास ४ जीबीपेक्षा मोठी फाइल तिच्यावर मावत नाही. 'एनटीएफएस' किंवा 'एक्सफॅट' पद्धत वापरावी. फॉरमॅट करताना डिस्कवरील सर्व मजकूर जातो, हे ध्यानात ठेवावे.

संगणक मंद असल्यास 'प्रॉक्सी' उपयोगी पडते. ही मूळ चित्रणाची कमी दर्जाची हलकी प्रत असते. संकलन तिच्यावर करावे आणि अंतिम चित्रफीत मूळ चित्रणावरून तयार करावी. मात्र प्रॉक्सीने जागा वाचत नाही. उलट थोडी अधिक लागते. अंतिम चित्रफितीसाठीही आधीच जागा राखावी. सेकंदाला १० मेगाबिट या वेगाने तयार केलेली दोन तासांची चित्रफीत सुमारे ९ जीबीची होते.

काय पुसावे, काय जपावे?

कॅश आणि प्रॉक्सी पुन्हा तयार करता येतात. जागा कमी पडल्यास प्रथम त्याच पुसाव्यात. मूळ चित्रण आणि प्रकल्पाची फाइल यांना हात लावू नये. मूळ चित्रणाच्या दोन प्रती दोन वेगवेगळ्या डिस्कवर झाल्याशिवाय, आणि त्या उघडून पाहिल्याशिवाय, कॅमेऱ्याचे कार्ड रिकामे करू नये. महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक मूकपट आज पाहावयास मिळत नाहीत. घरगुती चित्रणाचे तसे होऊ नये, यासाठी दुसऱ्या डिस्कवरील खर्च अनाठायी नाही.