टकलाचे ऋण

भर्तृहरीच्या नीतिशतकात एक टकला माणूस आहे. उन्हाने डोके भाजते म्हणून तो सावली शोधत झाडाखाली जातो, आणि नेमके तिथेच वरून मोठे फळ पडून त्याचे डोके फुटते. काही पाठांत ते झाड ताडाचे आहे, काहींत बेलाचे. तात्पर्य असे की अभागी माणूस कुठेही गेला तरी संकटे त्याची पाठ सोडत नाहीत. वामनपंडितांनी सतराव्या शतकात भर्तृहरीची शतके मराठीत आणली, त्यामुळे मराठी वाचकाला हा खल्वाट परका नाही.

त्याला टक्कल का पडले, याच्याशी कवीला कर्तव्य नव्हते. त्याला दैवाचे उदाहरण हवे होते, आणि टक्कल त्याला सोयीचे होते. ते कुणी मागत नाही, ते कुणाच्या पापाचे फळ नसते, आणि एकदा आले की जात नाही. ‘का?’ हा प्रश्न विचारला तो वैद्यांनी. त्याचे उत्तर मिळायला जितकी शतके लागली, त्यापेक्षाही ते कुठे मिळाले ही गोष्ट जास्त विलक्षण आहे.

उपाय मात्र कारणाच्या आधीच आले होते. इसवी सनापूर्वी सुमारे १५५० मधील एबर्स पपायरस या इजिप्शियन वैद्यकीय ग्रंथात सिंह, पाणघोडा, मगर, मांजर, साप आणि रानबकरा यांच्या चरबीचा लेप सांगितला आहे. सुश्रुतसंहितेत एक यंत्रणा दिसते: वाताबरोबर कुपित झालेले पित्त रोमकूपात शिरून केस पाडते आणि मग रक्तासह कफ ती छिद्रे बुजवतो, म्हणून नवा केस उगवत नाही. ॲरिस्टॉटलने टकलाची तुलना पानगळीशी केली. त्याच्या मते झाडांचे ऋतू वर्षात असतात आणि माणसाचे आयुष्यात, म्हणून ही पानगळ एकदाच होते. ज्युलियस सीझरने फार विचार केला नाही. विरळ केस तो पुढे विंचरून घेई आणि सिनेटने दिलेल्या सन्मानांपैकी कायम विजयमाला घालण्याचा मान त्याला सर्वांत प्रिय होता, असे सुएटोनियस सांगतो.

या सगळ्यांत खरा धागा एकाच वाक्यात होता. हिपोक्रेटिसच्या नावावरच्या सूत्रांपैकी एक म्हणते की खोजांना टक्कल पडत नाही. म्हणजे उत्तर टकल्याच्या डोक्यावर नव्हते. ज्यांना टक्कल पडत नाही अशांच्या देहात ते होते, आणि तो देह त्यांनी स्वतः निवडलेला नव्हता. हा धागा उचलायला सुमारे तेवीस शतके गेली.

१९४२ मध्ये जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञाने वृषण नसलेल्या किंवा काढून टाकलेल्या पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वयात येण्यापूर्वीच ज्यांची वृषणे गेली होती, त्यांचे केस घराण्यात टक्कल असूनही शाबूत राहिले होते. अशा काहींना टेस्टोस्टेरॉन दिले, तेव्हा ज्यांच्या घराण्यात टक्कल होते त्यांचे केस मागे हटू लागले. औषध बंद केल्यावर गळती थांबली, पण गेलेले केस परतले नाहीत. टक्कल पडायला तीन गोष्टी लागतात हे त्यातून स्पष्ट झाले: पुरुषी संप्रेरक, आनुवंशिकता आणि वय. पुरुषांच्या टकलाच्या पायऱ्या मोजण्यासाठी आजही वापरली जाणारी मोजपट्टी हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये केली. नॉरवूड यांनी १९७५ मध्ये ती सुधारली.

त्या काळच्या अमेरिकेत बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या संस्थांमधून माणसांना खच्ची केले जात होते, हे इथे विसरून चालणार नाही. कॅन्ससमधल्या अशाच एका संस्थेतील पुरुषांच्या आयुर्मानाचा अभ्यास हॅमिल्टन यांनीच १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. तक्त्यांतले आकडे नीटनेटके आहेत, पण त्या आकड्यांमागच्या माणसांना कुणी विचारले नव्हते.

दुसरे पान कॅरिबियन बेटावरचे. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या सालिनास नावाच्या गावात काही मुले जन्मतः मुलींसारखी दिसत, मुली म्हणूनच वाढत आणि बाराव्या वर्षाच्या आसपास त्यांचे शरीर पुरुषाचे होऊ लागे. गावाने त्यांच्यासाठी शब्दही केला होता आणि त्यांना सामावूनही घेतले होते. १९७४ मध्ये ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे कारण मांडले. टेस्टोस्टेरॉनचे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, म्हणजे डीएचटी, या अधिक प्रभावी रूपात रूपांतर करणारे विकर या मुलांत नीट काम करत नव्हते. मोठेपणी या पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राही, दाढी विरळ असे आणि कपाळावरची केसांची रेषा मागे सरकत नसे.

मर्क या औषधकंपनीच्या संशोधकांना यात औषध दिसले. निसर्गात ज्या विकराची उणीव होती, तेच विकर रोखणारे फिनास्टेराइड त्यांनी तयार केले. १९९२ मध्ये ते वाढलेल्या प्रोस्टेटसाठी मान्य झाले आणि १९९७ मध्ये पाचव्या हिश्श्याच्या मात्रेत, रोज १ मिलिग्रॅम, पुरुषांच्या टकलासाठी. काहींना लैंगिक त्रास होतात आणि गर्भवतीने ते घ्यायचे नसते, कारण पोटातल्या मुलग्याच्या वाढीला तेच डीएचटी लागते. सालिनासच्या मुलांची गोष्ट गोळीच्या इशाऱ्यात अशी टिकून राहिली आहे.

तिसरे औषध-पान रक्तदाबाचे. अपजॉन कंपनीचे मिनॉक्सिडिल ही तीव्र रक्तदाबावरची गोळी. ती घेणाऱ्यांच्या कपाळावर, गालांवर, हातांवर केस वाढू लागले. रुग्णांना तो ताप वाटला, पण कोलोराडो विद्यापीठातल्या गिंटर कान आणि पॉल ग्रँट या डॉक्टरांनी तेच द्रव्य त्वचेवर लावून पाहिले. पुढे पेटंटवरून कंपनीशी वर्षानुवर्षे वाद चालला. १९८८ मध्ये २ टक्क्यांचे द्रावण पुरुषांसाठी मान्य झाले आणि १९९१ मध्ये स्त्रियांसाठी. स्त्रियांचे केस विरळ होण्याची तऱ्हा वेगळी असते. कपाळाची रेषा शाबूत राहते आणि भांग रुंदावत जातो. त्याच्या पायऱ्या लुडविग यांनी १९७७ मध्ये मांडल्या.

या सगळ्यातून जे कळले ते थोडक्यात असे. टक्कल पडताना केसांची मुळे एकदम मरत नाहीत, ती लहान होत जातात. डीएचटीला संवेदनशील मुळांचा वाढीचा काळ दर फेरीला आखडतो, जाड केसाची जागा बारीक लव घेते. मानेवरची मुळे तशी संवेदनशील नसतात, म्हणून मागची झालर राहते. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५९ मध्ये दाखवले की मागचा केस पुढे लावला तरी तो आपला मूळ स्वभाव सोडत नाही. केशरोपण त्यावर उभे आहे. जपानच्या शोजी ओकुदा यांनी १९३९ मध्येच भाजलेल्यांवर अशी रोपणे केली होती, पण युद्धाच्या धामधुमीत ती बाहेरच्या जगापर्यंत पोचली नाहीत.

‘मामावर गेला’ असे आपल्या घरांत म्हणतात, त्यात अर्धे सत्य आहे. पुरुषी संप्रेरकाला प्रतिसाद देणारे एक महत्त्वाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि मुलाला ते आईकडूनच मिळते. उरलेली जनुके इतर गुणसूत्रांवर विखुरलेली आहेत, म्हणून वडिलांनाही पूर्ण सुटका नाही.

आज गोळी कागदी पाकिटात मिळते आणि द्रावण ड्रॉपरच्या बाटलीत. दोन्ही औषधे घेत आहोत तोवरच काम करतात, सोडली की गळती पुन्हा सुरू होते. जाहिराती आपल्याला लाज विकतात आणि आपण ती विकत घेतो. पण आरशासमोर उभ्या राहणाऱ्याने हेही आठवावे, की हे ज्ञान अंतःपुरातल्या खोजांकडून, संस्थेत डांबलेल्या माणसांकडून, एका बेटावरच्या मुलांकडून आणि रक्तदाबाच्या रुग्णांकडून आले आहे. त्यांतल्या कुणालाच टकलाची फिकीर नव्हती.

भर्तृहरीचा टकला झाडाखाली गेला आणि फळ त्याच्या डोक्यावर पडले. आपल्या झाडाचे फळ औषधी निघाले, आणि त्याचा घाव मात्र दुसऱ्यांच्याच डोक्यावर बसला.